दुसऱ्या बाजूची शेवटची दोन मिनिटं

“पप्पा, बंद करा की ती शिट्टी!”

समृद्धी दोन्ही कानांत बोटं खुपसून दारात उभी होती. श्रीनाथला वाटलं, पोरगी चेष्टा करतेय. कसली शिट्टी? प्लेअरवर तबकडी फिरत होती हे खरं, पण तिच्यावरचं गाणं संपून मिनिटभर होऊन गेलं होतं. सुई आता नुसती रिकाम्या चरीतनं चालली होती, आणि त्या रिकाम्या चरीवरच तर त्यानं आज सकाळी दातओठ खाऊन लिहिलं होतं. “कसली शिट्टी गं?” तो खेकसला. “काय वाजायलंय का तरी?” पोरीनं डोळे मोठे केले. “वाजायलंय की! कुकरची शिट्टी बारीक करून ठेवल्यावानी. किती वेळ झालं. दात शिवशिवायलेत माझे.” तिनं पुढं होऊन सुई उचलायला हात घातला तसा तो अंगावरच ओरडला, कारण या घरात सुईला त्याच्याशिवाय कुणी हात लावायचा नाही हा कायदा होता. पोरगी पाय आपटत निघून गेली. श्रीनाथनं कान स्पीकरच्या जाळीला नेऊन भिडवला. काही नाही. मग अगदी शेवटी, सुई मधल्या कागदापाशी यायच्या आधी, एक पातळसा आवाज आला, डास जवळून गेल्यासारखा, आणि संपला. हा आवाज त्यानं सकाळीही ऐकला होता. सुई कडेला घासली असेल, असं धरून तो मोकळा झाला होता.

उमरग्यात श्रीनाथला लोक ओळखतात ते जळालेल्या मोटारी भरून देणारा म्हणून. हायवेच्या कडेला पत्र्याचं दुकान, दारात उघड्या मोटारींची रांग, आत तांब्याची तार आणि वार्निशचा वास. पण त्याचं आणखी एक दुकान होतं आणि त्याचा पत्ता उमरग्यात कुणालाच ठाऊक नव्हता. ‘खरखर’ नावाच्या आपल्या इंटरनेटच्या पानावर तो नऊ वर्षं एक्स्ट्रीम मेटल नावाच्या संगीतावर मराठीतनं लिहीत होता. म्हणजे कसलं संगीत, हे घरच्यांना सांगायचा नाद त्यानं कधीच सोडला होता. शेजारच्या ताहेराबीनं एकदा भिंतीपलीकडनं ऐकून विचारलं होतं, “डुकरं धरायलेत का काय तुमच्याकडं?” तेव्हापासून तो खिडकी लावून ऐकायचा. चारशेवर माणसं त्याचं वाचत. पुण्याची, नागपूरची, एक तर मस्कतचा. ते त्याला दादा म्हणत. एकानं लिहिलं होतं, ‘तुमच्या कानाला तोड नाही दादा, आम्हाला दहाव्यांदा ऐकून कळतं ते तुम्हाला पहिल्यांदाच कळतं.’ त्या वाक्याचा फोटो श्रीनाथनं फोनमध्ये जपून ठेवला होता. त्याचं वय चव्वेचाळीस. पोट सुटलेलं, केस गळालेले, बँकेत साहेब म्हणून कुणी उभं राहत नाही, घरात बोललेलं कुणी मनावर घेत नाही. पण कान! कान म्हणजे त्याची इस्टेट होती. दुकानातही तेच. मोटारीच्या अंगाला पेचकसाचं टोक टेकवायचं, मूठ कानामागच्या हाडाला लावायची आणि गिऱ्हाइकाला सांगायचं, “बेरिंग गेलंय,” नाहीतर, “बेरिंगला काय धाड भरली न्हाय, तार जळालीय.” वीस वर्षांत कुणी उलटून बोललं नव्हतं.

आणि आता हा राखुंडीचा ताप. राखुंडी हे इचलकरंजीच्या तीन पोरांच्या बँडचं नाव. नाव ऐकूनच त्याला ती पोरं आवडली होती. विलायती भुताखेतांची नावं घेऊन मिरवणाऱ्यांपेक्षा आजीच्या दात घासायच्या राखेचं नाव घेणारी बरी. त्यांनी पदरमोड करून सात इंची तबकडी काढली होती, ‘मागाखाली’. बाहेर देशातनं दोनशेच छापून आणलेल्या. पहिल्या बाजूला दोन गाणी, दुसऱ्या बाजूला एकच, ‘तिसरी पाळी’. गिटार वाजवणाऱ्या कृष्णराजनं पाकिटावर निळ्या शाईनं लिहिलं होतं, ‘दादा, पहिली प्रत तुमच्या कानाला.’ पाकिटात घडी घातलेला एक कागदही होता. तो श्रीनाथनं उघडला नाही. आधी कान, मग कागद, हा त्याचा नेम होता. कागदावर पोरं काहीबाही लिहितात, आमचं दुःख, आमची प्रेरणा, आणि मग ऐकणारा ते वाचून हळवा होतो. श्रीनाथ हळवा होणाऱ्यातला नव्हता. त्यानं तबकडी पाच वेळा ऐकली आणि पाचही वेळा त्याचं डोकं उठलं. ड्रमचा मारा होता, पण झांजा कुठायत? गिटारी होत्या, पण वरून कुणी वाकळ टाकल्यासारख्या. गाणारा ओरडत होता ते नुसतं आ, ओ, ऊ. शब्दाला कडाच नाही. इतकी गुणाची पोरं, पहिल्या कॅसेटला त्यानं स्वतः डोक्यावर घेतलेली, आणि पैसे घालून असलं गोणपाट करून आणावं? त्यात तो शेवट. आज रविवार, दुकानाला सुट्टी, म्हणून सकाळी नऊला त्यानं परीक्षण टाकून दिलं होतं. त्यातला हा तुकडा त्याला लिहितानाच फार आवडला होता: ‘दुसऱ्या बाजूचं गाणं तीन मिनिटांत आटोपतं आणि पुढची दोन मिनिटं रिकामी. जेवायला बोलावून रिकामं ताट पुढं ठेवावं तसला हा प्रकार आहे. एवढ्याशा तबकडीत दोन मिनिटं काहीच नाही, याला मी कला म्हणत नाही, फसवणूक म्हणतो. बाकी झांजा हरवल्या आहेत, आणि गाणारा तोंडात पीठ धरून ओरडतो. या पोरांनी आपलं काम छापायच्या आधी नीट कान असलेल्या कुणाकडून तरी ऐकून घ्यायला हवं होतं.’

दहा वाजेपर्यंत खाली सात-आठ जण हसून गेले होते. एकानं लिहिलं होतं, ‘बरं झालं दादा, मी मागवणार होतो, आता नाही मागवत.’ मग कृष्णराजचा निरोप आला. रागाचा नव्हता, तेच जास्त झोंबलं. ‘दादा, दुसऱ्या बाजूचा शेवट पुन्हा एकदा ऐकाल का? प्लीज.’ घ्या! म्हणजे आता हे मिसरूड न फुटलेलं पोरगं मला ऐकायला शिकवणार. तिरीमिरीतच श्रीनाथनं तबकडी पुन्हा लावली होती, सहाव्यांदा, आणि समृद्धी कानांत बोटं घालून दारात आली होती.

खिडकी बंद असली तरी जमिनीतनं गिरणी धडधडत होती. घराच्या पुढच्या खोलीत त्याच्या वडिलांची, अप्पांची, पिठाची गिरणी, रविवारी तिला उसंत नसते. मग त्यानं स्वयंपाकघराकडं तोंड करून अर्पिताला हाक मारली. अर्पिता त्याची बायको, तिला या तबकड्यांचं एवढंच कौतुक होतं की त्या बायकांपेक्षा बऱ्या. हाताला धपाट्याचं पीठ तसंच घेऊन ती आली. “इथं बस,” तो म्हणाला, “आणि काय ऐकू यायलंय सांग.” गाणं संपताना त्यानं सुई ठेवली. अर्पितानं मान तिरकी केली. श्रीनाथ तिच्या तोंडाकडं बघत राहिला, डॉक्टर रिपोर्ट वाचत असताना बघावं तसा. काही क्षण तिच्या चेहऱ्यावर काही नव्हतं आणि त्याला हायसं वाटायला लागलं होतं, तेवढ्यात ती म्हणाली, “हां, आता आली. लई बारीक हाय. खाली खाली उतरत यायलीय की ओ.” “कधीपासनं?” “आत्ताच. पयल्यांदा न्हवती.” “आता हाय?” “हाय की! चांगली मोठ्यानं हाय. तुमाला...” आणि ती थांबली. त्या थांबण्याचा त्याला इतका संताप आला की पूर्ण वाक्य बोलली असती तर बरं, असं वाटलं. शेवटी तो डास आला आणि गेला. अर्पिता उठली. दारात वळून तिनं काहीतरी म्हटलं. “काय?” तो म्हणाला. “काय न्हाय, कानात तेल घालू का म्हनलं.” “तेल घाल तुझ्या कढईत,” तो म्हणाला.

मग त्यानं नेम मोडला आणि कागद उघडला. कृष्णराजचं अक्षर गोल, शाळेतल्या शहाण्या पोरासारखं. ‘तिसरी पाळी’ हे गाणं त्याच्या वडिलांवर होतं. एकतीस वर्षं रात्रपाळीला माग चालवलेला माणूस. खाली लिहिलं होतं: ‘गाण्याच्या शेवटी एक शिट्टी आहे. ती माणसाच्या कानाला जेमतेम ऐकू येईल इतक्या उंच सुरावरून सुरू होते आणि दोन मिनिटं खाली उतरत राहते. जिथं तुम्हाला ती ऐकू येईल तिथं हात वर करा. आमच्या घरी मी आणि आई लगेच हात वर करतो. बाबांचा हात शेवटपर्यंत वर जात नाही. ते आमच्याकडं बघून हसतात आणि विचारतात, झालं का सुरू?’

बस. एवढंच. श्रीनाथनं कागदाची घडी होती तशी घातली, ती नीट बसेना, पुन्हा घातली. हे असले चाळे! सरळ गाणं करायचं सोडून माणसाची परीक्षा घ्यायची? डॉक्टरकी करायला सांगितलीय का तुम्हाला? आणि कुणी कागद वाचलाच नाही तर त्यानं काय समजायचं? स्पीकर पण जुने झालेत. सुई बदलायला झाली होती, मागच्याच महिन्यात बदलायची होती. गेल्या आठवड्यात सर्दी होती. सर्दीनं कान गच्च होतातच. त्यानं नाक दाबून कान फुंकून पाहिले. गिरणीचा आवाज आत आला आणि बाहेर गेला, बाकी फरक नाही. त्यानं मुद्दाम एक जुनी तबकडी काढली, कॉलेजात सोलापूरला असताना पोट मारून घेतलेली, जिच्यातल्या झांजा त्याला तोंडपाठ होत्या. त्या लागल्या. छान, लखलखीत लागल्या. त्याला इतका आनंद झाला की तो उठून उभाच राहिला. मग हळूच एक शंका आली आणि त्यानं मधेच आवाज एकदम बंद केला. झांजा तरीही दोन-तीन ठोके चालूच राहिल्या. त्याच्या डोक्यात. म्हणजे ऐकत होता ते काय होतं, आणि आठवत होता ते काय? किती वर्षं तो तबकड्या न ऐकता नुसत्या आठवत होता? नव्या तबकडीत आठवायला काही नसतं, तिथं वाकळ पडते. गेल्या वर्ष-दोन वर्षांत त्यानं किती जणांना लिहिलं होतं, आवाज गढूळ आहे म्हणून? सात? नऊ? त्याला मोजावंसं वाटेना.

आणि मग, ज्याला येऊ द्यायचं नव्हतं ते गुरुवारचं प्रकरण आलंच. माकणीचा उत्तरेश्वर, विहिरीवरची मोटार टेम्पोत घालून परत घेऊन आलेला. “मालक, नवीन बेरिंग टाकलं म्हनलाव, पर वाजायलंय. शीळ घातल्यावानी.” श्रीनाथनं मोटार चालू केली, पेचकस लावला, मूठ हाडाला टेकवली. मोटारीचा तो ओळखीचा जाड हुंकार, बाकी शीळबीळ काही नाही. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी. श्रीनाथ म्हणाला होता, “उत्तरेश्वरराव, शीळ मोटारीत न्हाय, तुमच्या कानात हाय. पुढच्या चौकात डाक्टर हायत, दावून या.” सगळे हसले. उत्तरेश्वर हसला नाही. माणूस पन्नाशीचा, पांढरी टोपी, आपल्या मोटारीकडं एकदा आणि श्रीनाथकडं एकदा बघून त्यानं गुमान मोटार उचलून नेली होती. त्या वेळी श्रीनाथला आपण किती फर्मास बोललो असं वाटलं होतं. संध्याकाळी अर्पिताला सांगितलंही होतं.

त्यानं फोन लावला. बऱ्याच वेळानं उत्तरेश्वरनं उचलला. “ती मोटार,” श्रीनाथ म्हणाला, “पुन्हा घेऊन या म्हनलं, बघू.” तिकडनं उत्तर आलं ते त्याला नीट लागलं नाही. फोनवर हल्ली सगळेच असे बोलतात, पुटपुटल्यासारखे. त्यानं फोन उजव्या कानाचा डाव्याला घेतला. “काय म्हनलाव?” “म्हनलं, बेंबळीला पाव्हन्याकडं नेली,” उत्तरेश्वर आता मोठ्यानं, एकेक शब्द तोडून म्हणाला, बहिऱ्याशी बोलावं तसा. “त्यानं बेरिंग बदललं. बेरिंगच व्हतं.” टोमणा नव्हता त्यात. आणि काही न बोलता त्यानं फोन ठेवला, का बोलून ठेवला आणि श्रीनाथलाच कळलं नाही, हे आता देव जाणे.

परीक्षण काढून टाकावं. सरळ पुसावं, पानात बिघाड झाला म्हणावं. त्यासाठी त्यानं ते पुन्हा उघडलं, आणि पुसायच्या आधी माणूस वाचतो तसं वाचलं, आणि त्या वाक्यावर त्याची नजर ठेचकाळली. गाणारा तोंडात पीठ धरून ओरडतो. सकाळी हे वाक्य किती सहज आलं होतं! खास गिरणीवाल्याच्या पोराचं, आपलं स्वतःचं, म्हणून त्याला ते आवडलं होतं. पण ते त्याचं नव्हतंच. ते अप्पांचं होतं. अक्षर न् अक्षर अप्पांचं. महालिंगप्पा गिरणीवाले, पंचेचाळीस वर्षं धडधडणाऱ्या दगडाशेजारी उभे, भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, आणि समोर जो कोणी बोलेल त्याच्यावर डाफरणार: “तोंडात पीठ धरून बोलू नको! नीट बोल!” गिऱ्हाइकाला, पाव्हण्याला, शाळेच्या मास्तरांना, लग्नात भटजीला सुद्धा. अप्पा बहिरे नव्हते. विचारा कुणालाही, अप्पा स्वतःच सांगतील. जग हळू बोलायला लागलं होतं. पोरं लाजरी निघाली, बायका पुटपुट्या, रेडिओ बिघडला, आणि मोबाइल तर बनवतातच तसले. श्रीनाथची अव्वा, नीलम्मा, मरेपर्यंत अप्पांशी ओरडून बोलली नाही. ती त्यांच्या सदऱ्याची बाही ओढायची, ते वळले की ओठ मोठे करून, बिनआवाजाचं बोलायची. लहानपणी श्रीनाथला वाटायचं, सगळ्यांच्या आया अशाच बोलतात. तिच्या शेवटच्या आठवड्यात तिला बाही ओढायला हात उचलेना. ती पलंगावरनं हाक मारत होती आणि अप्पा पलीकडं बसून पेपर वाचत होते. त्यानं ते पाहिलं होतं आणि मनात म्हटलं होतं, हा माणूस एकदा तरी म्हणेल का, मला ऐकू येत नाही?

आणि तो पट्टा. श्रीनाथ तेव्हा अकरा वर्षांचा. गिरणीचा पट्टा चाकावरनं सरकायला लागलेला त्याला दिसला आणि तो बेंबीच्या देठापासनं ओरडला, “अप्पा, पट्टा!” अप्पा वळले नाहीत. तो पुन्हा ओरडला. मग पट्टा सुटला आणि अप्पांच्या हाताला फटकारून भिंतीवर आदळला. कोपरापासून मनगटापर्यंत सालटं निघालं. दवाखान्यात बांधून घेताना अप्पा लोकांना सांगत होते, “पोरानं सांगितलं असंल हो, पर तोंडातल्या तोंडात. ह्येच्या तोंडात कायम पीठ.” लोकांनी त्याच्याकडं बघितलं. अजूनही कधी घशाला कोरड पडली की त्याला ते दोन ओरडे घशात जाणवत. त्याच साली कधीतरी त्यानं कुणाकडनं तरी एक कॅसेट मिळवली होती, त्या संगीताची, आणि तिचं पहिलं कौतुक एवढंच होतं की ती गिरणीपेक्षा मोठ्यानं वाजत होती. भिंतीपलीकडं दगड, कानांत हे. कानाला हेडफोन लावून, आवाज शेवटच्या खाचेपर्यंत फिरवून तो अभ्यास करायचा आणि म्हणायचा, मी अप्पांसारखा होणार नाही. वा रे पठ्ठ्या! जे गिरणीनं ठेवलं होतं तेही स्वतःच्या हातानं दळून काढलं.

त्यानं परीक्षण पुसलं नाही. पुसताच येईना. पुसलं तर आपण अप्पाच झालो. म्हणजे कान गेले नव्हते, जगच हळू बोललं. पण दुसरं काय लिहायचं? नऊ वर्षांचं नाव, चारशे माणसं, आणि उद्या दुकान उघडल्यावर पेचकस हातात घ्यायचा तो कुठल्या तोंडानं? त्याला एकदम कुणाला तरी सांगून टाकावंसं वाटलं, आणि आश्चर्य म्हणजे अर्पिता नाही, कृष्णराज नाही, दुसरं कुणीच डोळ्यांपुढं आलं नाही. तो तिरमिरत उठला आणि मधलं दार ढकलून गिरणीत गेला.

दुपारचे साडेबारा. डब्यांची रांग दारापर्यंत, ज्वारी, गहू, कुणाची हरभऱ्याची डाळ. ताहेराबी आपल्या डब्यावर बसून होती, आणखी चार बाया पदरानं नाक झाकून. पांढऱ्या धुरळ्यात अप्पा उभे, डावा हात खाली पडणाऱ्या पिठात. चिमटीत घेऊन चोळायचे आणि वरचा खटका अर्धं बोट फिरवायचे. दगडाला टाकी लावायला झाली हे अप्पांना अजून कुणाच्याही आधी कळायचं. कानानं नव्हे, चिमटीनं. हे श्रीनाथनं हजारदा पाहिलं होतं आणि एकदाही त्याच्या लक्षात आलं नव्हतं की त्या माणसानं कान सोडून देऊन दुसरी सोय लावून घेतली होती, फक्त कबूल केलं नव्हतं. त्यानं जाऊन अप्पांची बाही ओढली. अव्वा ओढायची तशी. अप्पा दचकून वळले. इतकी वर्षं ती बाही कुणी ओढली नव्हती.

“अप्पा, माझे कान गेलेत,” श्रीनाथ म्हणाला.

“आं?”

“कान! कान गेलेत माझे!”

“पान? कसलं पान?” अप्पा वैतागले. “गिऱ्हाईक उभं हाय, अन् ह्यो पान मागायलाय. तोंडात पीठ धरून बोलू नको! नीट बोल!”

आता मात्र श्रीनाथचं डोकं फिरलं. तेहेतीस वर्षांपूर्वीचा तो पट्टा, सकाळपासूनचं ते पोर, ती शिट्टी, तो उत्तरेश्वर, सगळं एकदम घशाशी आलं. त्यानं अप्पांचे दोन्ही खांदे धरले, छाती भरून घेतली आणि जिवाच्या आकांतानं ओरडला, “मला ऐकू येत न्हाय, अप्पा! मला! ऐकू! येत! न्हाय!”

आणि उमरग्याची लाइट, जी कधी सांगून जात नाही, ती नेमकी ‘मला’ आणि ‘ऐकू’च्या मधे गेली. पट्टा फडफडत सुटला, दगड घरघरत थांबला, आणि उरलेले तीन शब्द निव्वळ शांततेत, दारातनं रस्त्यापर्यंत, समोरच्या किराणा दुकानापर्यंत गेले. बाया पदर धरून जागच्या जागी थिजल्या. जेवायला बोलवायला आलेली समृद्धी मधल्या दारात उभी होती, तिनं तोंडावर हात घेतला. धुरळा हळूहळू खाली बसत होता. “या अल्ला,” ताहेराबी म्हणाली, “श्रीनाथ, इतकं वरडून सांगायचं असतंय व्हय रे?”

अप्पा त्याच्याकडं बघत होते. त्यांनी बंद पडलेल्या गिरणीकडं पाहिलं, मग परत त्याच्याकडं. त्यांना ऐकू आलं होतं, यात शंका नव्हती. आयुष्यात पहिल्यांदा श्रीनाथच्या तोंडात पीठ नव्हतं. त्यांनी पिठाचा हात धोतराला पुसला, आणि ओठ हलवून काहीतरी म्हटलं. अगदी हळू. त्या माणसाला हळू बोलता येतं हेच श्रीनाथला माहीत नव्हतं. त्याला काही लागलं नाही. अप्पा तेवढं बोलले आणि खाली वाकून सुटलेला पट्टा गोळा करायला लागले.

“काय म्हनले?” श्रीनाथनं वळून समृद्धीला विचारलं. “आज्जा काय म्हनले?”

पोरीनं आधी आज्ज्याकडं पाहिलं. मग ती बापाच्या जवळ आली, त्याच्या तोंडासमोर उभी राहिली, आणि ओठ मोठे करून, सावकाश म्हणाली, “मलाबी. आज्जा म्हनले, मलाबी न्हाय येत.”

श्रीनाथला रडू येईल असं वाटलं, पण आला तो राग. हे तीस वर्षांपूर्वी म्हणाला असतात तर? अव्वा असताना म्हणाला असतात तर? असं वाटलं की धरून गदागदा हलवावं. पण म्हातारा पट्ट्याचं एक टोक त्याच्याकडं धरून उभा होता, धर म्हणून, आणि पट्टा चढवायला दोन माणसं लागतात. त्यानं धरला. दोघांनी मिळून तो चाकावर चढवला. अप्पांच्या हातावरचा जुना वण पिठानं भरून गेला होता.

जेवण झाल्यावर लाइट आली. श्रीनाथनं समृद्धीला खोलीत बोलावलं, खुर्चीत बसवलं आणि सुई तिच्या हातात दिली. तिला आधी खरंच वाटेना. तिनं ती इतकी हळू ठेवली की तो ठेवू शकला नसता. गाणं संपलं तसा तिनं लगेच हात वर केला आणि तोंड वेडंवाकडं करत तसाच धरून ठेवला. दोन मिनिटं म्हणजे किती लांब असतात! तो भिंतीवरच्या घड्याळाच्या काट्याकडं बघत, मांडीवर हात ठेवून बसला होता. शेवटी डास आला तेव्हा त्याचा हात वर गेला. अकरा सेकंद. मग त्यानं तिला गाणंही पुन्हा लावायला सांगितलं, आणि गाणारा काय म्हणतोय ते विचारलं. ती सांगत गेली आणि तो लिहीत गेला. सगळे शब्द होते. झांजा पण होत्या, ती म्हणाली, पावसात पत्रा वाजतो तशा, सगळीकडं.

परीक्षण त्यानं होतं तसंच ठेवलं, रिकामं ताट, फसवणूक, तोंडातलं पीठ, सगळं, म्हणजे लोकांना दिसावं. फक्त त्याच्या डोक्यावर दोन वाक्यं घातली. टाकायच्या आधी ती त्यानं समृद्धीला वाचून दाखवली: “दुसऱ्या बाजूची शेवटची दोन मिनिटं रिकामी नाहीत. त्यातली मी फक्त अकरा सेकंद ऐकली, बाकीची माझ्या मुलीनं ऐकली.”

समृद्धीनं दोन्ही कानांवर हात ठेवले होते.

“पप्पा,” ती म्हणाली, “ओरडायलाव कशाला? मला ऐकू यायलंय की.”